बॉनेटवरचं जाळं परत परत का येतं: मशीन, पॅड आणि सकाळचा फडका

खानापूरहून मामेभाऊ गाडी घेऊन आला तेव्हा ऊन कललं होतं. काळी गाडी, तीन वर्षांची. उतरल्या उतरल्या म्हणाला, "दादा, दोनदा रबिंग-पॉलिश करून घेतलो. आठ-पंधरा दिवस आरशागत दिसतंय, मग परत जाळंच जाळं दिसालंय. रंगच गेला म्हणायचं काय आता?"

रंग गेला नव्हता. गाडी शेडमध्ये घेतली, ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलची बॅटरी बॉनेटवर धरली. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले आणि त्यांच्यावरून हातभर रुंदीच्या लाटा गेलेल्या. म्हणजे एकावर एक बसलेले दोन वेगळे दोष. जाळं फडक्याचं होतं, लाटा मशीनच्या होत्या. आणि दोन्ही वेळा कामगाराने ते घालवले नव्हते, झाकले होते.

दसरा जवळ आला की ही तक्रार घेऊन निपाणी, चिकोडी, संकेश्वरपर्यंतचे लोक येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: कुठल्या कंपनीचं पॉलिश चांगलं? पॉलिश बदलून हा दोष सहसा जात नाही. खूण कुठल्या मशीनची, कुठल्या पॅडची आणि कुठल्या फडक्याची हे आधी ओळखावं लागतं. मी या कामात यायच्या आधी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत आठ वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांच्या घासकामाला होतो. कास्टिंगवर दगड कसा फिरला हे नुसत्या खुणेवरून ओळखायची सवय तिथं लागली. गाडीच्या रंगावरही तेच चालतं, फक्त इथं चूक झाली तर वेल्डिंग करून भरता येत नाही.

ओरखडा गेला होता की लपला होता

पॉलिशमध्ये आणि स्वस्त रबिंग कंपाऊंडमध्ये, म्हणजे रंग घासायच्या जाडसर लेपात, बऱ्याचदा तेलं, सिलिकोन आणि मेणासारखे पदार्थ असतात. ते ओरखड्याच्या खाचेत जाऊन बसतात. खाच भरली की उजेड सरळ परततो आणि ओरखडा दिसत नाही. तीन-चार वेळा शांपूने धुतलं की भरलेलं निघून जातं आणि ओरखडा होता तिथंच दिसतो. "परत आलं" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. ते गेलंच नव्हतं.

याची तपासणी पाच मिनिटांची आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. एक भाग अल्कोहोल, चार भाग पाणी असं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरा. पॉलिश झालेल्या जागेवर, वॅक्स लावायच्या आधी, फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. दोन वेळा करा. मग बॅटरी धरा. जे दिसतं तेच खरं काम. कारागिराकडे गाडी देत असाल तर पैसे द्यायच्या आधी निदान बॉनेटच्या एका कोपऱ्यावर हे करून दाखवायला सांगा. ज्याचं काम खरं आहे तो आनंदाने दाखवतो.

बघताना उजेड एकाच ठिपक्यातून यायला हवा: ऊन किंवा बॅटरी. ट्यूबलाइटखाली सगळ्या गाड्या छान दिसतात. ढगाळ दिवशी गाडी ताब्यात घेतली आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर घरच्यांनी खुणा दाखवल्या, असं पावसाळ्यात हमखास घडतं.

खूण वाचायची कशी

जाळं गोल दिसतं म्हणून लोकांना वाटतं, कुणीतरी गोल हात फिरवला. तसं नसतं. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पण उजेडाच्या ठिपक्याभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल जाळं भासतं. बॅटरी सरकवा, जाळ्याचा मध्य तिच्याबरोबर सरकेल. असं झालं तर ते पुसण्या-धुण्याचे ओरखडे आहेत, मशीनचा दोष नाही.

बॅटरी सरकवली तरी खूण जागेवरच राहते, बाजूला चालत गेलं की लाटेसारखी उघडते-मिटते, कधी धनुष्याच्या आकाराची दिसते, तर ती रोटरी मशीनची लाट. आमच्याकडे तिला बफची लाट म्हणतात, पुण्या-मुंबईचे डिटेलिंगवाले होलोग्राम म्हणतात. रोटरीत चकती एकाच आसाभोवती फिरते, त्यामुळे कंपाऊंडचा प्रत्येक कण एकाच दिशेने ओढला जातो आणि हजारो सूक्ष्म रेषा समांतर पडतात. लोकरी पॅड, जास्त वेग आणि मशीन एका कडेवर तिरकं धरणं, हे तिन्ही जमलं की लाट ठरलेलीच.

सगळीकडे सारखाच धुरकटपणा, काळ्या रंगावर पातळ दूध फिरवल्यासारखा, असेल तर कापणारं, म्हणजे वरचा थर घासून काढणारं, पॅड वापरून काम तिथंच सोडलं आहे. मायक्रोफायबरचं पॅड हा याचा नेहमीचा कर्ता. ते कापतं झकास, पण मऊ रंगावर धुरकट करून सोडतं. पुढची मऊ फोमची फेरी कुणीतरी वाचवली.

एखाददुसरा खोल, डुकराच्या शेपटीसारखा वळलेला ओरखडा म्हणजे पॅडमध्ये खडा अडकला होता. सुकलेल्या कंपाऊंडची गुठळी किंवा वाळूचा कण. आमच्या भागात हा दोष जरा जास्तच. खानापूर, जांबोटीकडचा रस्ता तांबड्या धुळीचा. जांभ्याच्या त्या मातीत लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची संयुगं असतात, शिवाय वाळूचे कण. ईशान्येला अथणी, रायबागकडं काळी माती, ती चिखल होऊन चाकाच्या वरच्या कमानीत घट्ट बसते आणि मशीनच्या हादऱ्याने सुटून पॅडखाली येते. गाडी नीट न धुता मशीन लावलं तर तुम्ही पॉलिश करत नाही, मातीने घासता.

आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके असतील तर तो ओरखडाच नव्हे. ग्राइंडिंगची लोखंडी पूड उडून रंगात रुतलेली असते. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या वसाहतीत दिवसभर गाडी लावणाऱ्यांच्या दारांवर आणि छतावर हे दिसतं. बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या पत्र्यावरून हात फिरवा. खरखर लागली तर आधी लोखंड विरघळवणारा फवारा, मग क्ले (रुतलेले कण उचलणारी चिकणमातीसारखी वडी), आणि नंतर मशीन. हा क्रम चुकवून पॅड फिरवलं तर ते कण उपटून पॅड त्यांनाच घेऊन फिरतं.

मशीन

इथं मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात वाईट नुकसान मी इथंच पाहिलं आहे.

बेळगावात घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली चार इंची अँगल ग्राइंडर आहे. फौंड्री, फॅब्रिकेशन, ग्रॅनाइट, फरशी, सगळ्यांना लागतो. त्याच्या आट्यावर बसणारी फोमची चकती बाजारात मिळते. माणसाला वाटतं, मशीन आहेच, दोनशे-तीनशेत काम होईल. असा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे फिरतो. पॉलिशची रोटरी ६०० पासून सुरू होते, कापायला १,२०० ते १,८०० पुरतात आणि ३,५००च्या वर ती बहुधा जातच नाही. ग्राइंडरवर फोम काही सेकंदांत तापतो, कड उसवते, चकती सुटून अंगावर येऊ शकते, आणि पत्र्याच्या कडेला लागला तर रंग खालच्या प्रायमरपर्यंत जळतो. कृपा करून हे करू नका. वेग कमी करायचा डिमर लावूनही नाही. ग्राइंडरची रचना कमी वेगाने दाब सहन करण्यासाठी केलेली नसते.

किती थर आपल्या हातात असतो हे डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतात. झेरॉक्सचा एक कागद जवळपास १०० मायक्रॉनचा. त्यातला पारदर्शक थर चाळीसेक मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या निम्म्याहूनही कमी. प्रत्येक कापाकापीत त्यातले काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. मामेभावाच्या बॉनेटवर जाडीमापक लावला तर मध्ये १०४ दिसले आणि पुढच्या कडेला ८७. दोन रबिंगांचा हा हिशोब. म्हणून तिसऱ्यांदा जोराने कापणं मी टाळलं.

घरगुती माणसाला आणि नव्या कारागिराला मी एकच मशीन सांगतो: ड्युअल अॅक्शन, म्हणजे डीए. यात चकती मधल्या आसाभोवती घिरट्या घालते आणि शिवाय स्वतःभोवती मोकळी फिरते. कणांची दिशा सतत बदलते, म्हणून लाटा पडत नाहीत, आणि दाब वाढला की चकती फिरायची थांबते, म्हणून जळायची भीती बरीच कमी. कमी होते, संपत नाही. एकाच जागी धरून ठेवलं तर डीएसुद्धा कड खाते.

डीए घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, घिरटी किती मिलिमीटरची. ८, १५ आणि २१ अशा मुख्य. इटलीच्या रुपेस कंपनीने मोठ्या घिरटीची मशीनं लोकप्रिय केली, आता चिनी मशीनंही त्याच मापात मिळतात. २१ ची मशीन बॉनेट, छत अशा सपाट जागी भराभर काम करते, पण फेंडरच्या वळणावर चकती अडते. ८ ची मशीन वळणावर गुणी, कापायला हळू. एकच घ्यायची असेल तर १५. दुसरी, मागची प्लेट ५ इंची. त्यावर साडेपाच इंची पॅड बसतं. तिसरी, वेगाचं चाक १ ते ६ असं असावं आणि पहिल्या आकड्यावर मशीन खरोखर हळू फिरावी. दुकानात प्लग लावून बघा. काही मशीनं १ वरच झेप घेतात, पॉलिश पसरवायच्या वेळी ती सगळं काचेवर आणि रबरावर उडवतात.

फ्लेक्स कंपनीच्या ३४०१ सारख्या डीए मशीनमध्ये चकती गिअरने फिरवली जाते, दाबली तरी थांबत नाही. हात बसलेल्या माणसाला फार उपयोगी, पण पहिलीच मशीन म्हणून नको. रोटरीही टाकाऊ नाही. वर्षानुवर्षं उन्हात विटलेला लाल बंपर किंवा रेतकागद मारलेला रिपेंट उजळायला तिला तोड नाही. फक्त तिच्यामागून डीएची मऊ फेरी हवीच, नाहीतर लाटा ग्राहकाच्या घरी जातात.

मशीन चांगली असूनही कापत नाही, अशी तक्रार खेड्यातून येते. तिथं मी आधी वायर विचारतो. घरापासून अंगणापर्यंत तीस मीटर बारीक एक्स्टेन्शन टाकलेलं असतं, त्यात संध्याकाळचा व्होल्टेज आधीच पडलेला. भार आला की मशीन मंदावते. दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची वायर वापरा, गुंडाळी पूर्ण उलगडून, आणि पंप सुरू असतात त्या वेळा टाळा.

चकती फिरते की नुसती हादरते

डीएवाल्यांचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न दिसणारा दोष हाच. आवाज येतो, हात थरथरतो, पण पॅड स्वतःभोवती फिरत नसतं. अर्धा तास घासूनही जाळं जसंच्या तसं. माणूस मग जास्त दाबतो, त्याने ते आणखी थांबतं.

मागच्या प्लेटच्या कडेला काळ्या मार्करने एक जाड रेघ ओढा. काम करताना तिच्याकडे लक्ष ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. पत्र्यावर दाब देऊन सेकंदाला एखादा फेरा दिसत असला तरी चालेल. रेघ जागेवर थरथरत असेल तर पॅड थांबलं आहे. मामेभावाला बॉनेटच्या मध्ये मशीन धरायला दिली, रेघ छान फिरत होती. हेडलाइटजवळच्या उतारावर आला आणि म्हणाला, "थांबली की." मशीन जरा कलली होती, पॅडची एकच कड टेकली होती. मनगट सपाट केल्याबरोबर रेघ पुन्हा धावू लागली. या रेघेपेक्षा चांगला गुरू नाही.

सपाट धरूनही थांबत असेल तर कारणं क्रमाने बघा: पॅड फार जाड आहे का (एक इंचापर्यंतचं बरं, दीड इंची उशी घिरटी पिऊन टाकते), पॅड प्लेटच्या मध्यावर बसलं आहे का, पॅडमध्ये पॉलिश जास्त झालं आहे का, आणि प्लेट मशीनच्या रबरी कडेला घासते आहे का. शेवटच्या दोषात स्क्रूखालचा पातळ वॉशर बसवायचा राहिलेला असतो. प्लेट बदलताना तो जमिनीवर पडतो आणि कुणी शोधत नाही.

पॅड

रंगावरून पॅड घेऊ नका. एका कंपनीचं पिवळं कापणारं, दुसरीचं पिवळं शेवटच्या फेरीचं. अंगठ्याने दाबून बघा आणि पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग काय लिहिलं ते वाचा. लोकरी सगळ्यात जास्त कापतं आणि त्यामानाने थंड राहतं, मायक्रोफायबर त्याखालोखाल, मग कडक फोम, मधला फोम, आणि शेवटी बोटाने सहज दबणारा मऊ फोम. वॅक्स फक्त या शेवटच्याने.

कंपाऊंडमध्ये कापण्याचं काम करतं ते बहुतेक अॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे अॅल्युमिना. आपल्या बेळगावातच हिंदाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढतो, तोच पदार्थ. कण कितीही बारीक असला तरी तो पॅडवर कसा धरला जातो यावर त्याची धार ठरते. कडक पॅड कणाला रंगावर रेटतं, मऊ पॅड त्याला आत घेतं. म्हणून तेच पॉलिश दोन पॅडांवर दोन वेगळी औषधं होतात. जाळं निघत नसेल तर आधी पॅड एक पायरी कडक करा, पॉलिश तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं.

पण किती पॅडं घेता याला मी पॅडच्या जातीपेक्षा जास्त महत्त्व देतो. एका पॅडवर अख्खी गाडी करणं, हा आमच्या भागातला रोग आहे. पहिल्या दोन पॅनेलनंतर पॅडमध्ये निघालेला रंग, सुकलेलं पॉलिश आणि घाम साचतो, पॅड काचेगत गुळगुळीत होतं, तापतं आणि कापायच्या ऐवजी धुरकट करतं. लहान गाडीला एका फेरीसाठी निदान चार पॅडं हवीत. दर पॅनेलनंतर मशीन हळू चालवून नायलॉनच्या ब्रशने पॅड झाडा, कंप्रेसर असेल तर हवा मारा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावून. पॅड हातात घेतल्यावर चटका लागत असेल तर ते बाजूला ठेवा. मधून ढिलं पडलेलं, उसवलेलं पॅड गोंद लावून वाचवू नका.

मामेभावाचं बॉनेट

गाडी आधी धुतली. दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत कापड खळबळायला नुसतं पाणी. क्ले फिरवला तर तांबूस डाग निघाला, जांबोटी रस्त्याचा. कडा, वायपरचं रबर आणि हेडलाइटची कड मास्किंग टेपने झाकली. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि ८७ चा आकडा मी विसरलो नव्हतो.

बॉनेटच्या मध्ये दीड फूट बाय दीड फूट चौकोन टेपने आखला. मऊ फोम, बारीक पॉलिश, हरभऱ्याएवढे चार ठिपके. मशीन पत्र्याला टेकवूनच सुरू करायची, हवेत सुरू केली तर ठिपके भिंतीवर जातात. पहिल्या आकड्यावर पसरवलं, चौथ्यावर काम. हात सेकंदाला साधारण एक इंच, त्याहून घाई नको. आडव्या पट्ट्या, मग उभ्या, प्रत्येक पट्टी आधीच्या निम्म्यावर. असे पाच फेरे. दाब एवढाच की रेघ फिरत राहील.

पुसलं, अल्कोहोल मारलं, बॅटरी धरली. लाटा गेल्या होत्या. जाळं निम्म्याने कमी. मग त्याच पॉलिशवर मधला फोम लावला आणि शेजारच्या चौकोनात तेच केलं. जाळं जवळजवळ सगळं निघालं, दोन-तीन खोल रेघा राहिल्या. तिथं मी हात आवरला. त्या रेघा पुरत्या घालवायला जेवढा थर काढावा लागला असता तेवढा त्या बॉनेटवर शिल्लक नव्हता. मामेभावाला बॅटरी देऊन त्याच्याच डोळ्यांनी दाखवल्या. पूर्ण बॉनेट, मग मऊ फोमची एक शेवटची फेरी, मिळून पावणेदोन तास लागले.

लहान दोष, लवकर सांगतो

पांढरी भुकटी उडत असेल तर पॉलिश जास्त आहे, पत्रा तापलेला आहे किंवा पॅड कोरडं आहे. नव्या पॅडला पहिल्यांदा सगळ्या तोंडाला पॉलिश चोळून घ्या. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर उघड्यावर काम करू नका. पत्र्यावर तळहात ठेवून दहा मोजता आलं पाहिजे.

वॅक्सचे पट्टे राहतात ते जाड लावल्याने. वॅक्स जेवढं पातळ तेवढं चांगलं, मऊ पॅड, वेग १ किंवा २, दाब शून्य. उरलेला भाग निघत नसेल तर त्याच वॅक्सचा पुसट हात परत फिरवून लगेच पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये, खानापूरकडं तर नक्कीच, ते सुकायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्या. काळ्या प्लॅस्टिकवर बसलं की पांढरं पडतं, म्हणून आधी टेप. नव्याने रंगवलेल्या पॅनेलला निदान महिनाभर वॅक्स नको, आतलं थिनर निघून जाऊ द्या.

पट्ट्याचं बकल, घड्याळ, अंगठी काढा. मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका. ती फेंडरवर घासली की नवं जाळं तिथंच सुरू.

मग परत येतं ते कुठून

मशीन, पॅड, हात सगळं बरोबर असून दोन महिन्यांत जाळं दिसलं तर मी घरची सकाळ विचारतो. बेळगावात थंडीत गाडीवर भरपूर दव पडतं. रात्रीची धूळ त्यात भिजते. सकाळी कुणीतरी पिवळा फडका घेऊन सगळी गाडी पुसतं, तोच फडका डिकीत मळलेला, त्याच्यात कालचीही धूळ. पाण्याचा एक थेंब न वापरता वाळू अख्ख्या गाडीवर फिरवली जाते, रोज, वर्षाला तीनशे वेळा. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांकडं हंगामात बॉयलरची काजळी बसते, तीही अशीच कोरडी झटकतात. मामेभावाच्या घरी हे काम मामा स्वतः करत, प्रेमाने, गाडी त्यांची लाडकी म्हणून.

त्यांना मी फोनवर सांगितलं, "मामा, सकाळी फक्त काचा पुसा. पत्र्याला हात लावू नका. आठवड्यातून एकदा आधी नुसतं पाणी भरपूर मारा, मग शांपू." ते म्हणाले, "मग धुळीचीच गाडी दारात ठेवायची की काय?" मी म्हटलं, होय, आठवडाभर ठेवायची. धूळ बसून राहिली तर काही बिघडत नाही, ती ओढली की बिघडतं. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे गोल डाग पडतात आणि ते काढायला परत मशीन लागतं. जाडसर मायक्रोफायबर टॉवेल ओल्या पत्र्यावर पसरायचा आणि टिपायचं, घासायचं नाही.

खंडेनवमीला बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतात. पूजा जरूर करा. ते काचेवर किंवा नंबरप्लेटशेजारी काढा, आणि बॉनेटवरच काढायचं असेल तर दुसऱ्या दिवशी कोरडं खरवडू नका, ओलं कापड दहा मिनिटं वर ठेवून मग उचला. लाल गाडीवर चालून जातं, पांढऱ्या गाडीवर पिवळा डाग आठवडे राहतो.

पॅडं कामानंतर लगेच कोमट पाण्यात पातळ शांपूने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि तोंड खाली करून सावलीत वाळवा. पाणी प्लेटच्या बाजूला मुरलं तर वेल्क्रोचा गोंद सुटतो. वाळली की झाकणाच्या डब्यात, कटिंगची वेगळी, फिनिशिंगची वेगळी. माझ्याकडं स्टीलच्या दोन डब्यांवर खडूने लिहिलेलं आहे, आणि शेडमधल्या पोराला पहिल्या दिवशी मी मशीन देत नाही, तेच डबे लावायला देतो.